अकुशल कोण?

पगाराची चिठ्ठी खिशातच आहे. घामानं मऊ पडलीय, पण अक्षरं वाचता येतात. माझं नाव. बापाचं नाव. गेटपासचा नंबर. किती पाळ्या भरल्या, पीएफ किती कापला. आणि एका रकान्यात छापलेला एक शब्द. अकुशल.

मी मॅट्रिक आहे. या शब्दाचा अर्थ मला कळतो. ज्याच्या हातात कसब नाही तो अकुशल. ज्याला उचलून बाजूला टाकला आणि त्याच्या जागी दुसरा उभा केला तरी कुणाचं काही अडत नाही, तो अकुशल.

दोस्तांनो, आज मला या एका शब्दाशी भांडायचं आहे.

माझं घर नाशिकरोडला, रुळाला लागून. काम एका बंदरात, ठेकेदाराकडं, लॅशिंगच्या टोळीत. बंदराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर उद्या गेटपास जाईल आणि घरात चूल पेटायची नाही. कविता लिहिल्यानं पोट भरत नाही हे तुम्हाला मी सांगायला नको.

लॅशिंग म्हणजे काय ते सांगतो. जहाजावर कंटेनर एकावर एक रचलेले असतात. समुद्रात जहाज हेलकावलं तर ते कोसळू नयेत म्हणून लोखंडी रॉड तिरपे अडकवायचे आणि खालचा टर्नबकल पिळून ताणायचे. जहाज लागलं की सोडायचे, सुटायच्या आधी बांधायचे. रॉड माणसाहून लांब. उभं राहायला हातभर वाट, तिच्यावर ग्रीस. वरून क्रेन चालू, खालून भरतीचं पाणी. रॉड कुठल्या कोनात धरला तर अंगावर येत नाही, कुठला टर्नबकल गंजून दगड झालाय, क्रेनची शिट्टी झाली की किती पावलं मागं सरायचं, हे शिकायला मला वर्ष लागलं. कुठल्या वर्गात शिकलो? शेजारच्या माणसानं आयमाय उद्धारत शिकवलं. त्याला त्याच्या शेजारच्यानं. आमचं विद्यापीठ हेच. पदवीदान समारंभ नाही. चुकलं तर थेट अंत्ययात्रा.

आणि चिठ्ठीवर काय? अकुशल.

आता माझ्या घराकडं या. पणजा मनमाड लाइनवर गँगमन. आजा गँगमन. रूळ हातोडीनं वाजवून कुठं तडा गेलाय ते आजा आवाजावरून सांगायचा. बापाच्या वेळेला रेल्वेत भरती आटलेली, तो नाशिकरोडच्या मालधक्क्यावर हमाल झाला. गोण्यांची थप्पी लावणं म्हणजे गाढवकाम असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा लावून बघा. खालच्या थराची गोणी एका बोटानं चुकली तर विसाव्या थराला थप्पी माणसावर येते. आई कांद्याच्या खळ्यावर निवडायला जाते. चाळीतला कांदा हातात घेऊन नुसत्या दाबानं सांगते, हा कंटेनरात टिकेल, हा दुबईला पोचायच्या आत सडेल. परदेशात जाणाऱ्या मालाची प्रत ती ठरवते. तिच्या रोजाच्या वहीत तिचं नाव सुद्धा धड लिहिलेलं नसतं. ‘बाई १’ एवढंच.

चार पिढ्या माल हलवतोय. चार पिढ्या एका पायरीवर उभ्या आहोत. मधे इंग्रज गेला, कोळशाचं इंजिन गेलं, डिझेल आलं, वीज आली, गोणीचा कंटेनर झाला. गँगमनचं नाव बदलून ट्रॅकमन केलं, पुढं ट्रॅक मेंटेनर केलं. हातोडा तोच, हात तेच.

हे आपोआप झालं का?

१९३८ सालचा फेब्रुवारी. १२ आणि १३ तारीख. आपल्याच जिल्ह्यात, मनमाडला, जी. आय. पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष बाबासाहेब. पणजा त्या गर्दीत होता असं घरात सांगतात. ही परिषद आपल्याला एका गोष्टीपुरती आठवते. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगाराचे दोन दुश्मन, असं बाबासाहेबांनी तिथं बजावलं. बरोबर आहे. भिंतीवर रंगवायला ते सोपंही आहे. पण त्याच भाषणात बाबासाहेबांनी रेल्वेतल्या नोकरीचा जिना पायरी पायरीनं तपासला, हे आपण विसरलो.

काय दाखवलं त्यांनी? आपला माणूस रेल्वेत लागतो तो गँगमन म्हणून, आणि मरतो तो गँगमन म्हणूनच. पोर्टर व्हावं म्हटलं तर तेही कठीण, कारण स्टेशनमास्तर पोर्टरला घरकामाला लावतो आणि मास्तराच्या घराला आपला विटाळ. क्लार्कच्या जागेला तर परीक्षाही नव्हती. दुसऱ्यांचे मॅट्रिक न झालेले भरले जात आणि आपले बाहेर राहत. आणि वर्कशॉप? तिथं आपला माणूस मेकॅनिक क्वचित, फोरमन कधीच नाही. कुली म्हणून शिरायचं, कुली म्हणून बाहेर पडायचं. त्याच काळात मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्याला मज्जाव होता, का तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. आणि विणकाम खात्यातच पगार जास्त. बघा, विटाळ सुद्धा नेमका जास्त पगाराच्या जागीच होत होता! झाडू मारायला, गाठी उचलायला विटाळ नव्हता.

यातून एकच गोष्ट घ्या. आपल्या माणसाला अक्कल नव्हती म्हणून तो खाली राहिला हे झूट आहे. जिथं काम शिकायला मिळतं ती जागाच त्याला बंद होती. २ मार्च १९३० ला नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात आपण उभे राहिलो. ते दार दिसत होतं, लाकडाचं होतं. वर्कशॉपचं दार दिसत नव्हतं. ‘याला हातात पाना देऊ नका’ एवढं फोरमननं म्हटलं की ते बंद व्हायचं. न शिकवलेल्या माणसाला मग तेच वर तोंड करून सांगायचे, तुला येत नाही.

तेव्हाचा शब्द अस्पृश्य. तो १९५० च्या घटनेनं गुन्हा ठरवला. मग नवा शब्द हुडकला. अकुशल. या शब्दावर अॅट्रॉसिटी लागत नाही.

शिकवता येत नव्हतं असं नाही, बरं का. गरज पडली की साहेबाला सगळं येतं. अर्नेस्ट बेव्हिन नावाचा एक माणूस होता. अकराव्या वर्षी शाळा सुटली, ब्रिस्टलमध्ये माल वाहणारी घोडागाडी हाकायचा. गोदी कामगारांचा पुढारी झाला आणि १९४० ला ब्रिटनचा मजूर मंत्री. लढाईला कारागीर हवे होते म्हणून १९४१ पासून त्याच्या नावाच्या योजनेत हिंदुस्थानातले तरुण विलायतेला नेऊन कारखान्यात शिकवले. काही महिन्यांत कारागीर तयार. इकडं १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खातं बाबासाहेबांकडं होतं आणि देशातली तंत्रशिक्षणाची केंद्रं त्याच खात्याखाली. स्वातंत्र्यानंतर १९५० ला कारागीर प्रशिक्षणाची योजना आली. आज तुमच्या आमच्या पोरांचा आयटीआय आहे तो त्यातला. म्हणजे गाडी हाकणाऱ्याला मंत्री होता येतं, आणि शेतावरच्या पोराला काही महिन्यांत लेथ चालवता येतो. शिकवणाऱ्याची गरज मात्र खरी पाहिजे.

आता बंदराचं बघा. पूर्वी मुंबईच्या गोदीत मुकादम उभा राहायचा आणि बोटानं माणसं निवडायचा. १९४८ ला गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. त्यातून बोर्डं आली. माणसाचं नाव नोंदलं गेलं, पाळी लागली नाही तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. त्या नोंदीसाठी लोकांनी रक्त आटवलं. मग कंटेनर आला. २६ मे १९८९ ला न्हावाशेवाचं बंदर सुरू झालं. १९९७ ला कायदा करून मोठ्या बंदरांतली ही बोर्डं गुंडाळायची वाट मोकळी केली. १९९९ ला न्हावाशेवात देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल चालू झालं. आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला चार कामगार संहिता लागू झाल्या. गोदी कामगाराच्या सुरक्षेचा १९८६ चा कायदा आणि मोटार कामगाराचा १९६१ चा कायदा, दोन्ही एकाच संहितेच्या पोटात गेले.

मी यंत्राच्या विरोधात नाही. शंभर किलोची गोणी पाठीवर घेण्यात कसली आलीय क्रांती? माझ्या बापाचा मणका बघा आणि मग हमालीवर गौरवाच्या कविता लिहा. कंटेनर येऊ दे, क्रेन येऊ दे. माझा सवाल एवढाच आहे की क्रेनच्या केबिनमध्ये बसणार कोण? गोणी खाली ठेवलेल्या माणसाला वर नेणार की गेटाबाहेर काढणार? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गोदी कामगारांच्या युनियननं १९६० ला मालकांशी करार केला. यंत्र आणा, पण नोंदलेल्या माणसाला काढायचं नाही आणि यंत्रानं जो पैसा वाचेल त्यात आमचा वाटा. आपल्याकडं यंत्र आलं ते ठेकेदाराला बरोबर घेऊनच आलं. ठेकेदाराच्या मस्टरला आरक्षण लागत नाही. ठेकेदाराच्या मस्टरला बढती नसते. ठेकेदार माणूस सहा महिन्यांसाठी आणतो, त्याला कशाला शिकवील? शिकवला तर तो जास्त पैसे मागेल.

आता माझ्या एका दोस्ताची गोष्ट. नाव नको.

आमच्याच वस्तीतला, आमच्याच टोळीतला. पुढं यार्डातल्या क्रेनवर हेल्पर झाला. ऑपरेटर म्हातारा, मनानं मोठा. सगळे चाचा म्हणायचे. रात्री काम मंदावलं की चाचा त्याला केबिनमध्ये घ्यायचा. हात कसा धरायचा, वाऱ्यात कंटेनर झुलायला लागला की तो कसा थांबवायचा, नुसत्या दोरखंडाच्या आवाजावरून वजन कसं ओळखायचं. पहाटे तीनला चाचाला डुलकी लागली की दोस्त दोन दोन तास क्रेन चालवायचा. दोन वर्षं. एक खरचटा नाही. सुपरवायझरला माहीत, ठेकेदाराला माहीत. माल हलतोय ना, मग सगळे आंधळे.

चाचा रिटायर झाला. जागा निघाली. दोस्त गेला. सर्टिफिकेट दाखव. नाही. अनुभवाचा दाखला दाखव. दाखल्यावर काय? हेल्पर, अकुशल. क्रेन शिकवणारी खासगी संस्था होती, तिची फी त्याच्या चार महिन्यांच्या पगाराएवढी. तेवढ्यात एक पोरगा सर्टिफिकेट घेऊन आला. त्यानं क्रेन पाहिली होती ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर. सुपरवायझर माझ्या दोस्ताला म्हणाला, याला जरा दाखव रे. आणि त्यानं दाखवलं! पंधरा दिवस त्या पोराच्या मागं उभं राहून शिकवलं. शिकवणारा अकुशलच्या रोजावर, शिकणारा कुशलच्या पगारावर.

सोळाव्या दिवशी एक कंटेनर ट्रेलरवर आपटला. माणूस वाचला, ट्रेलर चेपला. चौकशी लागली. केबिनमध्ये दुसरा माणूस काय करत होता? ट्रेनिंगचं रजिस्टर काढलं. त्यात इंग्रजीत लिहिलेलं होतं की विनापरवाना केबिनमध्ये जाणार नाही असं मला समजावून सांगितलं आहे. खाली दोस्ताची सही. आम्ही सगळेच दर महिन्याला त्या रजिस्टरात सह्या करतो. पाळी सुरू व्हायच्या आधी रांगेत उभे राहतो, मुकादम बोट ठेवतो, आम्ही सही करतो. त्याला म्हणतात प्रशिक्षण. त्या एका सहीवर दोस्त गेला. ज्या ट्रेनिंगनं त्याला काही दिलं नाही, त्या ट्रेनिंगनं त्याची नोकरी खाल्ली.

आज तो नाशिकला भाड्याची रिक्षा चालवतो. उड्डाणपुलाचं काम चालू दिसलं की रिक्षा थांबवून क्रेनकडं बघत बसतो.

आता मला सांगा, अकुशल कोण?

वरचे लोक सभा घेतात, म्हणतात, देशात कौशल्याची टंचाई आहे. वाहतूक धंद्याला कुशल माणूस मिळत नाही. २०१५ च्या जुलैमध्ये प्रधानमंत्री कौशल विकास योजना आली. तिच्यात ज्याला आधीच काम येतं त्यालाही तपासून सर्टिफिकेट देण्याची सोय आहे. कल्पना वाईट नाही. पण ते सर्टिफिकेट दाखवल्यावर पगाराचा रकाना बदलायची सक्ती कुणावर आहे? कुणावरच नाही. मग तो कागद देव्हाऱ्यात ठेवायचा का?

१७ सप्टेंबर २०२१ ला रेल कौशल विकास योजना निघाली. मॅट्रिक पाहिजे, वय १८ ते ३५. म्हणजे मीच! फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, मशिनिस्ट. शंभर तास, तीनेक आठवडे. विद्यावेतन नाही. आणि आधीच सांगून ठेवलंय की या ट्रेनिंगवर रेल्वेत नोकरीचा हक्क सांगता येणार नाही. हात धुवायला लावायचे, पाटावर बसवायचं आणि म्हणायचं, जेवणाचा हट्ट धरू नका. बरं, तीन आठवडे पाळी बुडवून शिकणाऱ्याच्या घरी भाकरी कोण टाकणार?

शंभर तास लांब राहिले. ज्यांनी रेल्वेच्या कारखान्यात वर्ष वर्ष अॅप्रेंटिस म्हणून घाम गाळला त्यांचं काय झालं? २० मार्च २०१८ ची सकाळ आठवा. माटुंगा आणि दादरच्या मधे शेकडो अॅप्रेंटिस रुळावर उतरले. लोकल तीन तासांवर बंद. त्यांच्या हातात सर्टिफिकेट होतं. रेल्वेनं त्यांच्यासाठी २० टक्के जागा ठेवल्या होत्या, पण त्यातून काही भागत नव्हतं. १९६१ चा अॅप्रेंटिस कायदा मालकाला शिकवायला लावतो, शिकवलेल्याला कामावर घ्यायला लावत नाही. वर्षभर स्वस्तात काम करून घ्या, मग टाळी वाजवून निरोप द्या.

ड्रायव्हरचं बघा. मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. पेट्रोलचा टँकर चालवायचा तर धोकादायक मालाचं ट्रेनिंग लागतं. किती? तीन दिवस. हजारो लिटर आग घेऊन घाट उतरायला तीन दिवस. आणि चूक झाली तर शिक्षा किती? नव्या न्याय संहितेच्या कलम १०६(२) मध्ये अपघात करून खबर न देता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत. माणूस मारून पळणाऱ्याची वकिली मी करत नाही. पण जमाव मारून टाकील या भीतीनं ड्रायव्हर पळतो, हेही त्या लिहिणाऱ्याला कळायला पाहिजे होतं. जानेवारी २०२४ च्या पहिल्याच दोन दिवसांत देशभर ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं, पानेवाडीचे टँकर उभे राहिले. मग सरकार बोलायला आलं. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवावं लागलं. शिकवायचं तीन दिवस, डांबायचं दहा वर्षं. या व्यवस्थेचा हिशेब एवढा सरळ आहे.

८ ऑक्टोबर २०२२ ची पहाट नाशिककर विसरलेले नाहीत. औरंगाबाद रोडवर मिरची चौकात खासगी बस पेटली, १२ माणसं गेली. असा अपघात झाला की दोन दिवस बोंब उठते, ड्रायव्हरांना ट्रेनिंग नाही. अरे मग द्यायचं कुणी? एसटीची भोसरीला मध्यवर्ती प्रशिक्षण संस्था आहे. एसटी ड्रायव्हरला शिकवत होती कारण तो तिचा माणूस होता, वीस पंचवीस वर्षं गाडी त्याच्याच हातात राहणार होती. २०२१-२२ च्या संपात एसटीनं काय केलं? खासगी एजन्सीकडून ड्रायव्हर आणले. जिथं नोकरी पक्की तिथं ट्रेनिंग असतं. ठेका आला की ट्रेनिंग रजिस्टरात जातं.

आणि कसं शिकवायचं हे या देशाला ठाऊक नाही असं कुणी म्हणू नये. नाशिकरोडला माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्यावर रेल्वेची इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची संस्था आहे. १९८८ पासून. मुख्यतः अफसरांसाठी. झाडं, रस्ते, वसतिगृह, मेस. निवड झालेला अफसर येतो तो पगार चालू असताना शिकतो. राहायला खोली, वेळेवर जेवण, आणि शिकून झालं की खुर्ची तयार. मी त्या भिंतीकडेनं जातो तेव्हा मला राग येत नाही. उलट वाटतं, वा! असंच शिकवायला पाहिजे. पगारासकट, पोट भरून, पुढची जागा ठरवून. मग हेच खाली का येत नाही? अफसराला पगार घेऊन शिकायचं, आणि ज्याच्या घरी पीठ नाही त्यानं फुकट शिकायचं, हे कुठल्या स्मृतीत लिहिलंय?

आता दोस्तांनो, थोडं आपल्याकडं वळतो. राग आला तर येऊ द्या.

‘शिका’ हा शब्द आपण कसा वाचला? बी. ए. व्हा, एम. ए. व्हा, ऑफिसात बसा. चुकीचं नाही ते. पण हाताला ग्रीस लागलं की आपल्यालाच लाज वाटायला लागली. आयटीआयला जाणारा पोरगा म्हणजे वाया गेलेला, असं आपल्याच घरात म्हणतात. मोर्चात मी लॅशिंगवाला आहे सांगितलं की कॉलेजातले मित्र मला ‘श्रमिक कवी’ करतात, खांद्यावर हात टाकतात आणि विषय बदलतात. क्रेनच्या केबिनमध्ये, इंजिनच्या कॅबमध्ये, वर्कशॉपच्या फोरमनच्या टेबलावर आपला माणूस किती, हे मोजायला आपण कधी गेलो? मनमाडला बाबासाहेबांनी मोजलं होतं. आपण पुतळे मोजतो.

आणि आपल्या बायका? कांदा निवडणारी, मालधक्क्यावर सांडलेलं धान्य झाडणारी बाई आपल्या संघटनेच्या यादीत कुठं आहे? ती हेल्पर सुद्धा नाही. तिला केबिन हवी का, हे मी आईला विचारलं. ती म्हणाली, वरती बसून काम असंल तर कुणाला नको रे बाबा, पाय तरी दुखायचे नाहीत. बस. यापेक्षा मोठा जाहीरनामा मला लिहिता येत नाही.

म्हणून मागणी लिहून ठेवा.

एक. ट्रेनिंग पगारी वेळेत. पाळी बुडवून नाही, पाळीनंतर नाही. शिकतो त्या तासाचा पूर्ण रोज.

दोन. ट्रेनिंगच्या आधी जागा सांगा. हे शिकल्यावर कुठल्या कामावर घेणार, पगार किती, लेखी. जागा नसेल तर ते ट्रेनिंग आम्हाला नको, फोटो काढायला दुसरे बोलवा.

तीन. जो काम करतोय त्याची परीक्षा कामावरच घ्या, मराठीत घ्या. क्रेन चालवून दाखवली तर तो ऑपरेटर. त्याच दिवसापासून कुशलचा पगार.

चार. बंदर असो, रेल्वे असो, एसटी असो, ठेकेदाराच्या माणसालाही आरक्षण लागू करा, शिकण्याच्या जागेत आणि वरच्या जागेतही. काम सरकारचं, मग घटना ठेकेदाराच्या गेटावर का थांबते?

पाच. इंग्रजी रजिस्टरावर सही नाही. जे समजलं नाही त्याच्यावर सही नाही. ही मागणी नाही, हे आपणच उद्यापासून करायचं आहे.

आणि जे तुम्ही शिकलेले आहात, ज्यांना अर्ज लिहिता येतो, त्यांच्यासाठी काम. २००५ चा माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा अर्ज. प्रत्येक डेपोला, प्रत्येक वर्कशॉपला विचारा. गेल्या पाच वर्षांत किती माणसांना कुठलं ट्रेनिंग दिलं? त्यातले अनुसूचित जातींचे, जमातींचे किती? त्यातले किती वरच्या जागेवर गेले? ठेकेदाराचे किती? उत्तर आलं तर छापा. नाही आलं तर ‘उत्तर नाही’ असं छापा. मनमाडचं मोजायचं काम अर्धं राहिलंय, ते पुरं करू.

उद्या रात्रपाळी आहे. गाडी पकडायची आहे. नव्या टोळीत एक पोरगा आलाय, अठराचा, विदर्भातला. परवा त्यानं रॉड उलटा धरला होता. मी त्याला शिवी दिली नाही. थांबवलं, हात धरला, कोन दाखवला, पुन्हा एकदा दाखवला. तो म्हणाला, दादा, हे लिहिलेलं कुठं मिळंल का? मी म्हटलं, नाही रे. अजून कुणी लिहिलेलं नाही.

ते मी लिहिणार आहे. मराठीत. ज्याला ज्याला आपलं काम येतं त्यानं आपापलं लिहा. रूळ वाजवणाऱ्यानं, थप्पी लावणाऱ्यानं, टँकर उतरवणाऱ्यानं, कांदा दाबून बघणाऱ्या बाईनं सांगावं आणि तिच्या पोरानं लिहावं. मग तो गठ्ठा घेऊन जाऊ ठेकेदाराच्या टेबलावर, आणि आपटून विचारू.

बोल, अकुशल कोण?